तीन नंबरची उष्टी हवा

एप्रिल मध्यावर आला की सोलापुरात दुपारी पत्रे वाजायला लागतात. ऊन चढताना आणि मग ऊन उतरताना. तापलेला पत्रा खिळ्यांमधून अंग सोडवून घेतो, टक् करतो, थांबतो, पुन्हा टक् करतो. माझ्या वर्कशॉपवर असे चाळीस पत्रे आहेत. जेवण झाल्यावर मी बाकावर आडवा होतो तेव्हा ते एकेक करून बोलू लागतात आणि मला झोप येत नाही. बायकोला हे पाठ झालंय. दरवर्षी ती म्हणते, "वाजायला लागले पत्रे. आता पावसापर्यंत तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

कारण तिला अगदी परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना साल सांगावं लागत नाही. शहरात नळ यायचा तो हंडा अर्धा होईपर्यंत. खेड्यातली माणसं सरकारी कामांवर खडी फोडायला बसली होती. पुण्याच्या रस्त्याला मोहोळ सोडलं की कडेने खडीचे ढीग सुरू होत आणि ढिगांमागे बायकांच्या ओळी, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेल्या. जीपगाड्या रस्त्यात उभ्या राहत. ड्रायव्हर डबा घेऊन वस्तीवर पाणी मागायला जाई आणि दारातली बाई त्याच्याकडे अशी बघे की तो रिकामा डबा घेऊन परत फिरे. माणसाला नाही तिथे रेडिएटरला कोण देणार?

शहरात तीन-चारच गाड्या अशा होत्या की ज्यांना पाणी लागत नव्हतं. पाठ गोल, इंजिन मागच्या बाजूला, आणि रेडिएटरच नाही. आत एक पंखा फिरतो, तो पत्र्यांच्या बोगद्यातून हवा ढकलतो आणि त्या हवेवर इंजिन निवतं. गाड्या परदेशी आणि तेव्हाही जुन्याच होत्या. लोक त्यांना कासव म्हणत. त्यांतलं राखी रंगाचं कासव शिवलीलाबाई डॉक्टरांचं.

बाई पन्नाशीच्या होत्या, एकट्या राहत. अर्ध्या पेशंटांशी कानडीत बोलत, अर्ध्यांशी मराठीत, आणि रागावल्या की दोन्हींत. गाडी स्वतः चालवत. आठवड्यातून दोनदा मागच्या सीटवर सलाइनच्या बाटल्या आणि औषधांची खोकी भरून त्या मोडनिंबच्या बाजूला खडीच्या कामांवर जात. तिथे जुलाब-उलट्यांची साथ होती. "माझी गाडी पाणी मागत नाही," असं त्या सांगत, ते एखादी आई माझा मुलगा हट्ट करत नाही असं सांगते तसं.

पण ओझं घालून, त्या उन्हात, कासवाला दम लागे. चढाला ती दुसऱ्या गिअरवर येई. म्हणून त्या वर्षी फाल्गुनात बाईंनी गाडी गफूर उस्तादांच्या गॅरेजात आणून सोडली आणि म्हणाल्या, "उस्ताद, हिला जरा श्वास घेता येईल असं करा."

उस्तादांचं गॅरेज विजापूर वेशीजवळ एका लिंबाखाली होतं. गॅरेज म्हणजे तो लिंब, एक शेड आणि मागे त्यांचं घर. असल्या इंजिनाला हात लावणारा शहरात तो एकच माणूस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. सकाळी मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आणि पाळी सुटली की उस्तादांकडे. आम्ही विणकर, घरी तेलुगू. वडील त्याच मिलमध्ये मागांची देखभाल बघणारे जॉबर होते. शंभर मागांच्या गदारोळात कुठला माग दुखतोय हे ते डोळे मिटून सांगत.

इथे मला मागाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण माझी चूक तिथून आली. मागावर ताण्याचे धागे वर-खाली उचलले जातात आणि मधून धोटा धावतो. धागे उचलण्याचं काम करणाऱ्या लोखंडी चकतीला टॅपेट म्हणतात. इंजिनात व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागालाही टॅपेटच म्हणतात. मी उस्तादांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा हा एक शब्द ओळखीचा निघाला म्हणून मला केवढा धीर आला होता. मागात टॅपेट आणि त्यावर फिरणारी चाकी यांच्यात फट असून चालत नाही. फट पडली की धक्का बसतो, धक्का बसला की धागे तुटतात, कापडावर डाग दिसतो. वडिलांनी मला लहानपणी शिकवलेली पहिली गोष्ट हीच. "एमिरा, काय रे, टकटक ऐकू येते ना? म्हणजे कुठंतरी फट हाय. आधी ती मार."

इंजिनात उलटं असतं. इंजिन गार असताना व्हॉल्व्हच्या शेपटीवर चार हजारांश इंचाची फट ठेवावी लागते. इंजिन तापून वाढलं किंवा निवून आखडलं तरी व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पुरता टेकला पाहिजे. जाळ त्याच्या डोक्यावरून जातो, आणि तो निवतो फक्त टेकलेला असताना, तेवढ्याच क्षणात. त्याला टेकू दिलं नाही तर तो तापतच राहतो. हे मला उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला हे माहीत नव्हतं असं मी कधीही म्हणू शकणार नाही.

त्या फाल्गुन-चैत्रात मी जितका सुखी होतो तितका नंतर कधी झालो नाही. हे लिहितानासुद्धा संकोच होतो, पण ते खरं आहे. आम्ही इंजिन पुरतं उघडलं. हवा आत येण्याचे मार्ग ओबडधोबड होते, ओतकामाचे खडे तसेच राहिलेले. लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून मी ते आठ दिवस घासले. उस्ताद एका तोंडाशी विडीचा धूर सोडत आणि मी दुसऱ्या तोंडाशी डोळा लावून बघे. धूर कुठे अडतो, कुठे गिरकी घेतो, ते खडूनं खुणावायचं आणि तिथे पुन्हा घासायचं.

"उस्ताद, आता सरळ येतो बघा."

"मेरी विडी संपली, तेरा घासना नहीं संपा."

व्हॉल्व्ह जास्त उचलण्याची कल्पना माझी. व्हॉल्व्ह उचलणाऱ्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांभोवतीचा गोल भाग मी मिलच्या ग्राइंडरवर केसभर उतरवला. उंचवटा होता तेवढाच राहिला, भोवतीची जमीन खाली गेली, म्हणजे टेकडी आपोआप उंच झाली. मग तो उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या ढकलदांड्या तेवढ्याच लांब करायला हव्या होत्या. आठ दांड्यांना मी लेथवर नवी पोलादी टोकं करून बसवली आणि प्रत्येक टोकावर, काही गरज नसताना, एक बारीक गोल खाच फिरवली. माझी खूण.

उस्तादांनी एक दांडी उचलून उजेडात धरली. "क्या रे व्यंकट, इंजन को नथ पहनाया क्या?"

मी लाजलो. त्यांची मुलगी नूरजहाँ, आठ-नऊ वर्षांची असेल, ओसरीवर पाटी घेऊन बसलेली होती. ती खिदळली. "अब्बा, आठ नथ!"

एक गोष्ट मात्र उस्तादांनी गंभीरपणे दाखवली. त्या इंजिनात पंख्याची हवा तीन नंबरच्या सिलिंडरकडे जाते ती थेट जात नाही. वाटेत ऑइल कूलर उभा आहे. तेलाची उष्णता घेऊन तापलेली हवा मग तीन नंबरच्या वाट्याला येते. "बाकी तीन को ताजी हवा," उस्ताद म्हणाले, "इसको उष्टी. पंगतीत सगळ्यांत मागं बसलेला हा. याचा व्हॉल्व्ह आधी जातो. इसका खयाल रखना."

गाडी सुरू झाली तेव्हा लिंबाची पानं थरथरली. बाई एक चक्कर मारून आल्या आणि उतरल्या त्या हसतच. चढाला तिसऱ्या गिअरवर गेली म्हणाल्या. फक्त एक तक्रार. "आत शिवणयंत्र बसवलंत का हो? केवढं टकटकतंय!"

"बाई, आवाज हाय म्हणजे जीव हाय," उस्ताद म्हणाले. "टॅपेट गप झालं की घाबरायचं."

बाई मान हलवून गेल्या. मला मात्र ते शिवणयंत्र लागलं. एवढं माझं काम, आणि त्याला टकटक. त्यात एक दिवस वडील गॅरेजवरून जाताना थांबले. इंजिन चालू होतं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि तेलुगूत एवढंच विचारलं, "हे तू लावलंस?"

मग उस्तादांना ऊन लागलं. ते घरात ओल्या चादरीत पडून होते. बाईंच्या गाडीची फट एकदा तपासायची होती. उस्तादांनी फट मोजायच्या फिलरच्या पात्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि बजावलं, "सुबह करना. ठंडे पे. चार का पत्ता फिरना चाहिए, अटकता-अटकता." पण सकाळी मला मिलची पाळी, आणि बाई उजाडताच निघत. मी संध्याकाळी गेलो. गाडी मोडनिंबहून नुकतीच परतली होती, इंजिनावर हात ठेववत नव्हता. मी झाकणं उघडली. आणि फट ठेवली नाही. चारचं पातं खिशातून काढलंही नाही. स्क्रू फिरवत गेलो, दांडी बोटात फिरायची थांबेपर्यंत. आठही. माझे हात वडिलांचे झाले होते. किल्ली फिरवली आणि टकटक नाहीशी झाली.

बाई दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होत्या. "अहो, हे काय! ही चालू आहे की बंद?"

एवढ्या एका वाक्यासाठी मी ते केलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

परतताना उस्तादांच्या घरी डोकावलो. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "ठंडे पे किया ना? पत्ता फिराया?"

"हौ उस्ताद," मी म्हणालो.

त्यानंतर आठ दिवस गाडी चालली. मला वाटतं माझ्या आयुष्यातली सगळी वजनं त्या आठ दिवसांत आहेत. गार असताना ती सुरू व्हायला कुरकुर करी, हे बाईंनी मला सांगितलं. फट तापल्या इंजिनावर मारलेली, ते गार होऊन आखडलं की व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता, म्हणून ती कुरकुर होती. मला ते समजलं. कोणत्याही सकाळी पाळीला अर्धा तास उशीर करून मी ते नीट करू शकलो असतो. मी बाईंना म्हणालो, "नवं काम आहे, बसेल."

नवव्या दिवशी माझी सुट्टी होती. बाई म्हणाल्या, "व्यंकटेश, चला बरोबर. ओझ्याला कशी चालते ते तुमच्या कानांनी ऐका." मागे खोकी इतकी होती की एक माझ्या मांडीवर होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळलेली. गाडी इतकी गप की टायरचा आवाज ऐकू येत होता. बाई कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या.

मोहोळ मागे टाकलं आणि आत कुणी मूठभर खडी टाकावी तसा आवाज झाला. बाईंनी पायाखाली बघितलं. मग माझ्याकडे. इंजिन जाम होऊन गाडी घसटत कडेला गेली.

मी मागचं झाकण उचललं. जळक्या तेलाचा भपकारा आला. काही उघडायची गरज नव्हती. आवाज कुठून आला ते मी ऐकलं होतं. तीन नंबर. व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं होतं आणि पिस्टनला भोक पाडून गेलं होतं. उन्हात मी ते झाकण धरून नुसता उभा राहिलो.

"होईल का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

आम्ही ट्रकना हात करत होतो. धान्याचे ट्रक थांबत नव्हते, त्यांना थांबायला मनाई असावी. शेवटी एका ट्रकवाल्यानं बाईंची पांढरी साडी आणि लाल फुलीची पेटी बघून ब्रेक मारला. तोवर सूर्य डोक्यावर आला होता.

खडीच्या कामावर पाचटाच्या छपराखाली पाच बाया आडव्या होत्या. चौघींवर माश्या बसत होत्या आणि त्या हात हलवून त्या उडवत होत्या. पाचवीवर लुगडं ओढलेलं. मुकादम पुढे आला. रागावला नव्हता, तेच वाईट होतं.

"लई वाट बघितली की बाई तुमची. दोनदा सडकंपातुर जाऊन आलो."

"कोण?"

"द्वारका. सकाळी बोलत हुती की. डाक्टरीणबाई यायचा वार हाय, म्हनली, आज पाणी भरतील अंगात. आत्ता, घटका झाली आसंल."

बाईंनी ते लुगडं उचलून बघितलं, पुन्हा ओढलं. मग पदर खोचून उरलेल्या चौघींकडे वळल्या. मला म्हणाल्या, "बाटली धरा." मी धरली. "उंच. आणखी उंच." संध्याकाळपर्यंत मी छपराखाली हात उंच करून उभा होतो. बाटलीतून थेंब पडत होते. समोर द्वारकाची सासू तिच्या पायाशी बसून तिच्या टाचांच्या भेगांतली खडीची पूड बोटानं काढत होती. बाकीच्या चौघी जगल्या.

दोन तास आधी पोचलो असतो तर द्वारका जगली असती का, हे मी नंतर कधी बाईंना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या मागे दोर बांधून गाडी लिंबाखाली आली. उस्ताद चादर गुंडाळून बाहेर आले, उकिडवे बसले आणि त्यांनी झाकणं उघडली. तुटलेल्या व्हॉल्व्हची शेपटी काढून बाजूला ठेवली. मग, त्याची काही गरज नव्हती तरी, बाकी सातांची फट बघायला घेतली. चारचं पातं शिरलं नाही. तीनचं शिरलं नाही. दोनचं नाही. त्यांनी पाती मिटली. माझ्याकडे बघितलं. मी पान्यांच्या पेटीशी उभा होतो आणि एक पाना पुसत होतो.

बाई तेवढ्यात आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. खाली न बसता त्यांनी विचारलं, "उस्ताद, मला एकच सांगा. याला शेवटचा हात कुणाचा लागला? तुमचाच ना?"

 माझ्या हातातला पाना पुसून कोरडा झाला होता, मी तो पुसतच होतो. बोलायला एक शब्द पुरला असता.

"माझाच, बाई," उस्ताद म्हणाले. "गॅरेजमधून गाडी गेली म्हणजे हात माझाच."

बाई म्हणाल्या, "तिचं नाव द्वारका होतं." एवढंच म्हणून त्या चालत गेल्या.

उस्तादांनी ते इंजिन दुरुस्त केलं. मला त्याला हात लावू दिला नाही. दिवसभर त्यांची कानस चाललेली ऐकू यायची. गाडी परत गेली, आणि पुन्हा कधी लिंबाखाली आली नाही. बाई कुठे काही बोलल्या नाहीत, पण उस्तादांच्या हातचं इंजिन वाटेत फुटलं, खडीवरची एक बाई मेली, हे शहरभर झालं. बाकीची कासवंही कामाला पुण्याकडे जाऊ लागली. उस्तादांकडे मग ऑटोरिक्षा येत, आणि रॉकेलचे स्टोव्ह. मला त्यांनी काढून टाकलं नाही. शिवी दिली असती तर मी पायांवर पडलो असतो. त्यांनी तेही केलं नाही. फक्त रोज संध्याकाळी पात्यांचा जुडगा माझ्यापुढे धरत, "जा, देख के आ," म्हणत, कुठली का गाडी असेना. पावसाला सुरुवात झाल्यावर मला पुण्याला कारखान्यात नोकरी लागली. सांगायला गेलो तेव्हा ते स्टोव्हला पिन मारत होते. म्हणाले, "अच्छा है. वहाँ बड़े इंजन होंगे."

उस्ताद वारल्याचं मला पुण्यात कळलं ते चार महिन्यांनंतर. तरीही मी घरी भेटायला गेलो नाही. पुढे सोलापूरला परत आलो, वर्कशॉप टाकलं, जुन्या गाड्यांची हेडं आणि कॅमशाफ्ट सुधारण्यात नाव झालं. लांबून लोक येतात. माझ्या हातच्या इंजिनांची टकटक जरा जास्तच असते अशी तक्रार करतात. विजापूर वेशीतून जायचं असलं की मी वळसा घेऊन जातो.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण आला. शिवलीलाबाईंचा भाचा. आत्याकडे शेडमध्ये एक जुनी गाडी पडून आहे, बाईंनी सरकारी जीप मिळाल्यावर ती लावून ठेवली ती तशीच. त्याला ती जुन्या गाड्यांच्या फेरीला न्यायची होती. "काका, व्हॉल्व्ह लिफ्ट वाढवता येईल का? आणि हवेचे मार्ग मोकळे करायचेत."

"ते झालेलं असेल," मी म्हणालो. 

मी एकट्यानं इंजिन उघडलं. पत्रे वाजत होते. हवेच्या मार्गांत माझं आठ दिवसांचं घासकाम काजळीखाली तसंच होतं. फट तपासली. चारचं पातं फिरलं, अटकत-अटकत. आठही ठिकाणी. मग मी ढकलदांड्या एकेक काढून फडक्यावर मांडल्या. मला वाटलं होतं उस्तादांनी माझ्या दांड्या फेकून जुन्या घातल्या असतील. सात दांड्या माझ्याच होत्या, टोकांवर गोल खाच असलेल्या. आठवी, तीन नंबरची, जी त्या दिवशी वाकली असणार, ती नवी होती. तिच्या टोकालाही खाच होती. लेथवरची नव्हती. उस्तादांकडे लेथ नव्हताच. तिकोनी कानशीनं, हातानं, फिरवून फिरवून काढलेली, थोडी वाकडी.

इंजिनाला या खाचेचा काही उपयोग नाही. तिच्यावाचून ते तितकंच चाललं असतं. माझं काम बरोबर होतं, तेवढं त्यांनी ठेवलं आणि अपुरं होतं ते माझ्यासारखं करून पुरं केलं. आणि फट त्यांनी त्यांची ठेवली. ती दांडी माझ्या हातातच होती. बायको चहा घेऊन आली होती. तिला मी सगळं त्याच दुपारी सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार?"

गाडी जोडून मी सकाळी बाईंच्या बंगल्यावर नेली. गार इंजिनावर पुन्हा एकदा पातं फिरवलं आणि किल्ली मारली. बाई आता ऐंशीला टेकल्यात. व्हरांड्यात खुर्चीवर बसून त्यांनी कान दिला.

"अजून तसंच शिवणयंत्र," त्या म्हणाल्या. "मध्ये आठ दिवस तेवढी गप होती."

त्यांना ते आठ दिवस आठवत होते. मी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर माझा आवाज मला ऐकू आला असता. पायरीवर बसून मी त्यांना सांगितलं. संध्याकाळ, तापलेलं इंजिन, न काढलेलं पातं, "हौ उस्ताद". आणि तो पाना.

 मला वाटलं, बाई मला रागावतील, दोन्ही भाषांत. मी त्याची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "एकदा नव्या पेठेत गफूर समोरून आले होते. सलाम केला त्यांनी. मी दुकानात शिरले." मग म्हणाल्या, "मला काही घ्यायचं नव्हतं त्या दुकानात."

"बाई, चूक माझी—"

"तुमची तुमच्यापाशी. मी माझं बोलतेय. आतापर्यंत मला वाटत होतं मी बरोबर केलं. तुम्ही आज ते काढून घेतलंत." त्या उठल्या. काठी शोधली. "कोण आहे त्यांचं?"

"मुलगी आहे. त्याच घरात राहते असं ऐकलंय."

"चला."

द्वारकाचं कोण आहे हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. पाऊस पडल्यावर ती माणसं आपापल्या गावांना पांगली. तिची सासू कुठल्या गावची होती हे त्या छपराखाली मी विचारलं नव्हतं. तेवढं एक दार मला कुठे शोधावं ते कळत नाही.

मी गाडी चालवली. सत्तावीस वर्षांनी विजापूर वेशीत शिरलो. लिंब तोडलेला आहे. शेडच्या जागी पैसे देऊन फोन करायचं एक पिवळं खोकं आणि शिवणकामाचं दुकान. मागचं घर तेच. मी गाडी दाराशी उभी केली.

"तुम्ही आधी सांगा," बाई म्हणाल्या. "मी बसते. मग मला हात द्या, मलाही उतरायचंय."

इंजिन चालूच होतं. मी पायरीवर पाय ठेवला, कडीला हात लावायच्या आधीच पडदा हलला. पस्तिशीची बाई, गळ्यात टेप, हातात कात्री. तिनं मला ओळखलं नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. गाडीकडे बघत होती, मान किंचित तिरकी करून, आणि ऐकत होती.

"ये अब्बा के हाथ का इंजन है ना?" ती म्हणाली आणि हसली.

मी हो म्हणालो. मग तिला म्हणालो, नूरजहाँ, जरा बस.